होडीची फासळी बदलली, तरी पुन्हा त्याच जागी का तुटते?

तक्रार बहुतेक एकच असते. पंधरा-वीस फुटांची जुनी लाकडी होडी, खाडीत नाहीतर उथळ समुद्रात चालणारी. आतली एक फासळी (फळ्यांना आतून आधार देणारी वळणदार लाकडी पट्टी) तुटली म्हणून मेस्त्रीकडून नवी बसवून घेतली. एक पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर झाकण काढून पाहावं, तर तीच फासळी पोटाच्या वळणावर (तळ संपून बाजू वर वळते तिथे) पुन्हा तडकलेली, आणि आता शेजारचीलाही चीर. मग कुणी म्हणतं लाकूड हलकं मिळालं, कुणी म्हणतं दुप्पट जाड फासळी घाला, कुणी सरळ बाहेरून फायबर (फायबरग्लासचा थर) मारायला सांगतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. पहिली फासळी ज्या कारणानं तुटली ते कारण होडीत तसंच राहिलं, म्हणून दुसरी तुटली. नुसती फासळी बदलून ते कारण जात नाही. आणि जाड फासळीनं तर उलटच होतं. होडी पाण्यात थोडी लवते, सगळ्या फासळ्या मिळून लवतात. मध्येच एक ताठ फासळी आली की तिथे लवचीकपणा संपतो आणि सगळा ताण शेजारच्या फासळीवर जातो. पुढच्या वर्षी तीही तुटते. जुन्या फासळ्यांची जाडी-रुंदी मोजा आणि नवी तेवढीच करा.

तुटलेला तुकडा आधी वाचा

जुनी फासळी काढल्यावर ती चुलीत घालू नका. तुटण्याचं कारण बहुतेक तिच्यातच सापडतं.

तुटलेल्या जागी लांब, तिरके, ताजे दिसणारे तंतू असतील आणि तडा लाकडाच्या रेघेबरोबर तिरका बाहेर पडला असेल, तर लाकूड कुजलेलं नव्हतं, कापणी चुकली होती. सरळ फळीतून वाकडी फासळी कापली होती. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण पुन्हा पुन्हा तुटणाऱ्या फासळ्यांत हे कारण मला सगळ्यात जास्त दिसतं.

तंतू आखूड असतील, लाकूड बिस्किटासारखं मोडत असेल, रंग तपकिरी होऊन त्यावर चौकोनी भेगा पडल्या असतील, तर ती कुज आहे. अशा वेळी फक्त तुटलेली फासळी पाहून थांबू नका. टोकदार आरी घ्या आणि सगळ्या फासळ्यांना खालच्या टोकाशी, कण्याजवळ टोचून पाहा. चांगल्या लाकडात आरी जात नाही, कुजक्यात लोण्यात गेल्यासारखी जाते. लाकडी हातोडीनं वाजवूनही कळतं. धड लाकूड टणटणीत वाजतं, आतून गेलेलं बद्द.

तडा खिळ्यांच्या रांगेतून उभा गेला असेल आणि खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं असेल, तर खिळा दोषी आहे.

आणि चार-पाच फासळ्या एकाच उंचीवर, एकाच बाजूला, रांगेनं तडकल्या असतील, तर होडीत काही शोधू नका, ती जमिनीवर कशी ठेवली जाते ते पाहा. होडीचा भार कण्यावर (पठाणावर) यायला हवा. बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळण्यासाठी. बऱ्याच ठिकाणी होडी वाळूत ओढून तशीच एका कुशीवर कलंडून ठेवतात, आत जाळी, दोऱ्या, नांगर तसेच. चार महिने तो सगळा भार पोटाच्या वळणावर असतो. वाळू निदान मऊ असते. जांभ्या दगडाच्या उतरणीवर ओढलेल्या होडीला एकाच बिंदूवर दणका बसतो. अशा होडीत कितीही चांगली फासळी घाला, ती तुटणारच. कण्याखाली किमान तीन ठिकाणी सपाट ओंडके द्या, तेही एका पातळीत, म्हणजे होडीचा मधला भाग वर उचलला जाणार नाही की खाली झुकणार नाही.

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या उलांडीच्या (तोलासाठी बाजूला आडव्या दांड्यांवर तरंगता ओंडका बांधलेल्या) होड्यांमध्ये आणखी एक जागा तपासायला हवी. उलांडीच्या आडव्या दांड्या जिथे होडीला बांधलेल्या असतात, तिथल्या दोन-तीन फासळ्यांवर पीळ येतो. तिथला तडा पोटाच्या वळणावर नसून वर, काठाजवळ असतो. बांधणी सैल झाली की दांडी धक्के देते, त्यामुळे फासळी बदलण्याआधी बांधणीच्या दोऱ्या बदला. आउटबोर्ड इंजिन नंतर लावलेल्या होडीतही हेच, मागच्या दोन फासळ्या आधी पाहाव्यात.

गोडं पाणी

समुद्राचं पाणी लाकूड कुजवतं असा सर्रास समज आहे. फासळ्यांच्या बाबतीत खरा शत्रू पावसाचं गोडं पाणी. लाकूड कुजवणारी बुरशी साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल मिळाली की वाढू लागते, पण खारट पाण्यात मुरलेल्या लाकडात तिला सहज जम बसत नाही. दक्षिण कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा होडी किनाऱ्यावर झाकून ठेवलेली असते त्याच महिन्यांत. म्हणजे आपल्याकडे होडी चालते तेव्हा टिकते आणि विश्रांती घेते तेव्हा कुजते.

प्रत्येक फासळीच्या खालच्या कडेला, कण्याच्या दोन्ही बाजूंना, पाणी वाहून जायला एक खाच असते. जुन्या होड्यांत ती रंग, डांबर, वाळू आणि माशांच्या खवल्यांनी बुजलेली असते. खाच बुजली की दोन फासळ्यांमध्ये पाण्याचं तळं साचतं. नव्या फासळीला ही खाच कापायचीच राहून गेली, तर ती फासळी बसवली त्याच दिवशी तिचं आयुष्य ठरलं. खाच इतकी मोठी हवी की करंगळी आरपार जावी. आत एक दोरी कायमची ओवून ठेवली तर पुढेमागे ओढून ती साफ करता येते.

झाकणाबद्दल माझं ठाम मत आहे. पूर्वी होड्यांवर नारळाच्या झावळ्यांची झापं घालायचे, त्यातून पाणी वळून जायचं आणि वारा खेळायचा. आता निळी ताडपत्री घट्ट बांधतात. खाली जमिनीतली ओल, वर प्लास्टिक, आत हवा नाही, हे बुरशीचं माहेरघर. ताडपत्री घालायचीच असेल तर मध्ये उभी काठी देऊन तिला तंबूसारखा उतार द्या आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा. होडीच्या तळाला डाट (बूच) असेल तर पावसाळाभर काढून ठेवा.

होडी वर घेताना आतून समुद्राच्याच पाण्यानं धुवा. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यानं नाही. काही जण फासळ्यांच्या मध्ये खडेमीठ टाकतात. ते लाकडाला चांगलं, पण लोखंडी खिळे असलेल्या होडीत टाकू नका.

खिळ्याचा रोग

गंजताना लोखंड फुगतं. फासळीच्या आत फुगलेला खिळा पाचरीचं काम करतो आणि फासळी धाग्याबरोबर, म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या दिशेनं, चिरतो. शिवाय गंजणाऱ्या लोखंडाभोवतीचं लाकूड रासायनिक क्रियेनं हळूहळू मऊ होतं, ऐन आणि बाभळीसारख्या टॅनिन भरपूर असलेल्या लाकडात ते शाईसारखं काळं पडतं. मग खिळा सैल होतो, फळी हलते, पाणी शिरतं, गंज वाढतो.

नवी फासळी जुन्याच खिळ्यांच्या भोकांत ठोकली, तर ती या आजारी लाकडात ठोकलेली असते. फळीतली जुनी भोकं खरवडून धड लाकडापर्यंत मोठी करा, त्यांत सागाच्या खुंट्या जलरोधक गोंदानं बसवा आणि नवी भोकं थोडी बाजूला, एका रेषेत न येता नागमोडी पाडा. एका रेषेतले खिळे फासळीला चिरण्यासाठी रेघ आखून देतात.

कोणता खिळा? छोट्या होडीला तांब्याचे खिळे आतून वॉशरवर ठोकून बसवलेले उत्तम, पण महाग आणि दोन माणसांचं काम. गरम जस्तात बुडवून मुलामा दिलेले खिळे आणि बोल्ट वर्षानुवर्षं वापरात आहेत आणि बऱ्यापैकी टिकतात. बाजारात चकचकीत दिसणारे, पातळ विद्युत मुलाम्याचे मात्र समुद्रात लवकर गंजतात. स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ प्रतीचं घ्या, ३०४ नाही. आणि ३१६ सुद्धा ओल्या लाकडाच्या आत, जिथे हवा पोचत नाही तिथे खड्डे पडून खाल्लं जातं, हे ध्यानात ठेवा. सगळ्यात वाईट म्हणजे मिसळ. जुने लोखंडी खिळे तसेच ठेवून मध्ये चार तांब्याचे ठोकले, तर खाऱ्या पाण्यात लोखंड आणखी वेगानं संपतं. एका होडीत एकच धातू.

लाकूड वाकवायचं की वाकडं शोधायचं

हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

मोबाइलवर कनू (वल्ह्याची हलकी, निमुळती होडी) दुरुस्तीचे सुंदर व्हिडिओ दिसतात. लाकडाची पट्टी वाफेच्या पेटीतून काढतात आणि गुडघ्यावर वळवावी तशी होडीत वळवून बसवतात. ते खरं आहे, पण उत्तर अमेरिकेतल्या त्या कनूच्या फासळ्या सीडरच्या हलक्या लाकडाच्या आणि एक सेंटिमीटरपेक्षाही पातळ असतात, एकमेकींच्या अगदी जवळजवळ. वरून पातळ फळ्या आणि त्यावर ताणलेलं कॅनव्हास. आपल्या होडीची फासळी दोन-अडीच इंच जाड, जड लाकडाची आणि दूर दूर बसवलेली. तिला वाफ देऊन पोटाच्या वळणावर वळवायला गेलात तर बाहेरच्या बाजूनं फाटेल.

म्हणून मग काय होतं, तर वखारीतून सरळ सागाची फळी आणतात, फर्मा (वळणाचा साचा) ठेवतात आणि बँडसॉवर कमान कापतात. दिसायला फासळी देखणी होते. पण सरळ फळीतून वळण कापलं की काही भागात धागा लांबीबरोबर राहतो आणि वळणाशी आडवा कापला जातो. जिथे धागा आडवा, तिथे फासळीची ताकद उरते ती फक्त तंतूंच्या एकमेकांना चिकटण्याची. तीच जागा पोटाचं वळण. तीच जागा पुन्हा पुन्हा तुटते. सागच आहे, महागाचा आहे, याचा काही उपयोग नाही.

आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत म्हणजे वाकडं वाढलेलं लाकूड शोधणं. झाडाच्या फांदीचा बेचका, मुळाजवळचं वळण, वाऱ्यानं कलून वाढलेलं खोड. अशा लाकडात धागा वळणाबरोबरच वळलेला असतो. उंडी आणि भेंडी ही दोन्ही झाडं किनाऱ्यालाच वाढतात, वाऱ्यानं वेडीवाकडी होतात आणि त्यांचं लाकूड ओलीत टिकतं. बाभळीचे बेचके कच्छ-गुजरातेतल्या गलबतांच्या फासळ्यांना आजही वापरतात. फणस आणि जांभूळही चालतात. आंब्याचं लाकूड सहज मिळतं, पण फासळीसाठी ते घेऊ नका, गोड्या पाण्यात ते लवकर जातं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. खाडीकाठी तिवराच्या वाकड्या फांद्या अगदी फासळीच्या मापाच्या दिसतात. त्यांना हात लावू नका. कांदळवन तोडणं हा गुन्हा आहे, आणि ज्या खाडीत होडी चालवायची तिथली मासळी त्याच कांदळवनात वाढते. साग, ऐन, आंबा, फणस, जांभूळ यांसारख्या झाडांनाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. त्यापेक्षा पडलेल्या झाडांवर नजर ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आणि मे २०२१ च्या तौक्तेत किनाऱ्यावर असंख्य झाडं पडली. त्यांचे सरळ सोट कापून नेले गेले आणि बेचके जळणात गेले. होडीवाल्याच्या दृष्टीनं उलटं व्हायला हवं होतं. गावात कुणाची वाडी साफ होत असेल तर फर्मा हातात घेऊन जा, म्हणजे कोणता बेचका आपला ते तिथेच कळतं.

बेचका मिळाला की तो मधून उभा चिरा, गाभ्याचं केंद्र फासळीत येऊ देऊ नका. तिथून पुढे भेगा जातात. सालीलगतचं पांढरं लाकूडही तासून टाका, कीड आणि कुज तिथून सुरू होते. कापलेल्या टोकांना उरलासुरला रंग फासून तुकडे सावलीत, वारा लागेल असे रचून ठेवा. एक उन्हाळा मिळाला तरी पुष्कळ फरक पडतो.

बेचका मिळालाच नाही तर? मग पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून फासळी करता येते. पाच-सहा मिलिमीटरच्या पट्ट्या, फर्म्यावर इपॉक्सीनं (दोन घटक मिसळून करायच्या जलरोधक गोंदानं) चिकटवून, शिकंज्यात आवळून. धागा सगळ्या पट्ट्यांत वळणाबरोबर राहतो. साग वापरत असाल तर चिकटवण्याआधी पट्ट्या ॲसिटोननं पुसा, सागातलं तेल इपॉक्सीला धरू देत नाही. हे काम कोरड्या महिन्यांत करा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा थर येतो, तो पाण्यानं घासून धुतल्याशिवाय पुढचा हात दिला तर सुटून येतो. साधा पांढरा सुतारी गोंद इथे अजिबात चालत नाही. पट्ट्यांची फासळी शिकंज्यातून काढल्यावर किंचित उघडते, म्हणून फर्मा जरा जास्त वळणाचा करतात.

अगदी हलक्या होडीत, फासळी इंचभर किंवा त्याहून पातळ असेल, तरच वाफेचा विचार करा. हिशेब असा की दर इंच जाडीला एक तास वाफ. लाकूड सरळ धाग्याचं आणि थोडं ओलसर हवं, भट्टीत वाळवलेलं वळत नाही. पेटीतून काढल्यावर मिनिटभराच्या आत ते जागेवर बसलं पाहिजे. पेटीला वाफ बाहेर पडायला भोक ठेवा, बंद पेटी फुटते.

बसवताना

एका वेळी एकच फासळी काढा. दोन शेजारच्या फासळ्या एकदम कधीच नाही. फासळ्या काढल्या की जुनी होडी मोकळी होते आणि स्वतःच्या वजनानं पसरते. मग नवी फासळी बसते ती पसरलेल्या आकारावर, आणि पाण्यात गेल्यावर फळ्या जुन्या आकाराला ओढतात. काम सुरू करण्याआधी नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत सूत बांधा, ओळंब्यानं मध्य पाहा आणि दोन-तीन ठिकाणी काठापासून काठापर्यंत आडव्या पट्ट्या ठोकून रुंदी बांधून टाका. कामभर ती मापं तपासत राहा.

फर्मा तुटलेल्या फासळीवरून नाही, तर होडीच्या आतल्या बाजूवरून घ्या. तुटलेली फासळी आधीच सरळ झालेली असते. समोरच्या बाजूची धड फासळी असेल तर तिच्याशी ताडून पाहा. नाळेकडे होडी निमुळती होते तिथे फासळीची फळीला टेकणारी बाजू काटकोनात नसते, तो कोन दर सहा इंचांवर सरकत्या गुण्यानं (हवा तो कोन धरणाऱ्या मापकानं) घ्या.

आता जो भाग सगळ्यात कंटाळवाणा तोच सगळ्यात मोलाचा. फळीच्या आतल्या बाजूला गेरू चोळा, फासळी जागेवर दाबा, काढा. जिथे लाल डाग, तिथे वाकसानं किंवा रंध्यानं थोडं काढा. पुन्हा दाबा. सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत हे करत राहायचं. घाईत एखाद-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट सोडून बोल्टनं आवळलं, तर फासळी बसली असं वाटतं, पण तिच्यात कायमचा ताण भरून राहतो. पहिल्या मोठ्या लाटेला तो बाहेर येतो. फट राहिलीच तर बोल्ट आवळून ती मिटवू नका, तिथे लाकडाची पातळ चिप चिकटवून पुन्हा तासा.

बसवण्याआधी फासळीच्या सगळ्या बाजूंना, विशेषतः दोन्ही टोकांच्या आडव्या कापांना, संरक्षण द्या. टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोन-तीनदा पाजलं तर बुरशी लांब राहते, पण ते पाण्यात धुऊन जातं, म्हणून सुकल्यावर वर तेलाचा हात हवाच. उंडीचं तेल, नाहीतर राळ घालून कढवलेलं तेल. काजूच्या टरफलाचं तेलही जुनं आणि गुणकारी, फक्त हातमोजे घाला, कातडी भाजते. भोकं पाडून झाल्यावर भोकांच्या आतही तेल सोडा. भोक खिळ्यापेक्षा किंचित बारीक पाडा. कडक लाकडात भोक न पाडता खिळा ठोकला तर फासळी तिथल्या तिथे चिरते.

जोडफासळी कधी चालते

तुटलेली फासळी तशीच ठेवून शेजारी दुसरी बसवणं स्वस्त पडतं, आणि जुनी फासळी नुसती तडकलेली, पण निरोगी असेल तर ते चुकीचंही नाही. मात्र नवी फासळी जुनीला चिकटवून बसवू नका, मध्ये बोटभर फट ठेवा, नाहीतर दोघींच्या मध्ये पाणी अडकून दोन्ही जातात. ती तड्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर पुढे गेली पाहिजे, आणि दोन-तीन जोडफासळ्या घालणार असाल तर त्यांची टोकं एकाच रेषेत थांबवू नका. जुनी कुजलेली असेल तर जोड देण्यात अर्थ नाही, कुजकं लाकूड आधी होडीबाहेर गेलं पाहिजे.

फक्त खालचं टोक गेलं असेल तर तेवढाच तुकडा तिरप्या सांध्यानं बदलता येतो. सांध्याची लांबी जाडीच्या निदान आठपट ठेवा आणि सांधा वळणावर येऊ देऊ नका.

फायबर मारण्याआधी

फासळ्या संशयास्पद असताना बाहेरून फायबर मारणं म्हणजे जखमेवर पट्टी नव्हे, कुज आत कोंडणं. पाणी बाहेरूनच येतं असं नाही, पावसाचं आतून येतं, आणि फायबर लावलं की ते फळीतून सुकून बाहेर जायची वाट बंद होते. फळ्या फुगतात-आकसतात, फायबर तसं करत नाही, म्हणून ते कडेनं सुटतं. होडीत एकही कुजकी फासळी नाही, लाकूड पूर्ण कोरडं आहे, अशी खात्री असेल तरच त्याचा विचार करावा.

पाण्यात टाकल्यावर

होडी पहिल्यांदा पाण्यात गेली की सांध्यांतून पाणी येईल. दोन-चार दिवसांत फळ्या फुगून ते थांबतं. फुगलेल्या लाकडामुळे बोल्ट आपोआप घट्ट होतात, म्हणून आधीच जीव खाऊन आवळू नका, नाहीतर वॉशर फासळीत रुतून तिथेच चिरा पडतात. नारळी पौर्णिमेला होडी उतरवत असाल तर दिवाळीच्या सुमारास एकदा आत उतरून नव्या फासळीचं प्रत्येक बोल्ट हातानं हलवून पाहा. सैल झालेलं असेल तर पाव फेरा द्या. त्याच वेळी तिच्या दोन्ही बाजूंच्या फासळ्या पोटाच्या वळणावर बोटानं चाचपा. तिथे केसाएवढी नवी चीर लागली, तर नवी फासळी गरजेपेक्षा ताठ झाली आहे. ती आतल्या बाजूनं एक-दोन सूत तासून हलकी करता येते, आणि ते होडी पाण्यात असतानाही करता येतं.